कापूस हलतो

४ डिसेंबर २०२३, सोमवार, सकाळी सात वाजून बारा मिनिटे. माझ्या नोंदवहीतली ही पहिली ओळ. तिच्यापुढे आकडा असायला हवा होता. त्याऐवजी वाक्य आहे: ‘मठाच्या फरशीवर वृद्ध पुरुष, पालथा, हालचाल नाही.’

केज आणि तेलगाव यांच्या मधल्या एका गावाबाहेर, उसाच्या फडांना लागून, यादवकाळातल्या एका शैव मठाचे अवशेष आहेत. छप्पर उरलेले नाही. काळ्या दगडाचे काही खांब उभे आहेत, बाकीचे आडवे, आणि त्यांच्या मधोमध सभागृहाची सपाट फरशी. त्या फरशीवर एक गाल टेकवून तो माणूस पडला होता. धोतर, बंडी, कानांवरून गुंडाळलेला मफलर. इतक्या थंडीत जिवंत माणूस दगडावर गाल ठेवून पडणार नाही, असा निष्कर्ष मी काढला आणि नाडी पाहायला वाकले.

“सावली काढा,” मृतदेह म्हणाला.

मी दचकून मागे सरले.

“भोकावर पडलीय तुमची सावली. कापूस दिसंना मला.”

त्यांच्या नाकासमोर फरशीत मुठीएवढे गोल छिद्र होते. त्यावर आडव्या ठेवलेल्या लोखंडी सळईला बोटभर दोरा बांधला होता आणि दोऱ्याच्या टोकाला पिंजलेल्या कापसाचा पुंजका. वारा अजिबात नव्हता, तरी तो पुंजका छिद्राच्या आत झुकलेला होता, जणू खालून कोणी दोरा हलकेच ओढून धरला आहे. छिद्राच्या एका कडेला दगड खोलगट झिजून आरशासारखा गुळगुळीत झाला होता. झिजेचा आकार मला ओळखीचा वाटला, पण कशाचा ते लक्षात यायला क्षण लागला. तो गालाचा होता. एका माणसाच्या गालाने दगड इतका झिजत नाही.

मग त्यांनी तोंड छिद्राजवळ नेले आणि शेजारच्या खोलीतल्या वडीलधाऱ्याला सांगावे तशा स्वरात म्हणाले, “म्याडम आल्यात. बीडच्या. सायन्सच्या हायती.”

गाव त्यांना आप्पा म्हणत असे. त्यांचे खरे नाव मला माहीत आहे, पण ते येथे येणार नाही, कारण अहवालात लिहिण्यासाठी मी ते विचारले तेव्हा ते म्हणाले होते, “नाव कावून लिवता? पाळीदार लिवा. माझ्या बापाच्या वेळेलाबी पाळीदारच हुता, माझ्या आज्याच्याबी. माणूस बदलतंय, हुद्दा ऱ्हातोय.”

मी पुण्यात भूभौतिकीचे संशोधन करते. त्या वर्षी मला एका परदेशी शिष्यवृत्तीच्या मुलाखतीपूर्वी लहानसा पण स्वतंत्र शोधनिबंध हवा होता. मठाच्या जागी नवा सभामंडप बांधू पाहणाऱ्या विश्वस्त मंडळाला जमिनीखाली पोकळी आहे का, याचा अहवाल हवा होता. मंडळाचे अध्यक्ष मोठे बागायतदार. बोलणे मोकळे आणि घाईचे. फोनवर त्यांनी काम एका वाक्यात सांगितले: “ताई, त्या भोकाचा एकदाचा निकाल लावा. सायन्सनं सांगितलं की म्हाताराबी गप बसतंय अन् गावबी.”

निकाल कशाचा लावायचा होता, ते मला आप्पांकडून समजले. ते मठाचा इतिहास सांगत तेव्हा मला हजेरीपटाची आठवण येई. इथे विद्यार्थी जेवत, ह्या कोनाड्यात औषधे, ह्या पायरीशी भिक्षेला आलेले लोक थांबत, ह्या दगडी गादीवर मठाधिपती बसत. सगळे वर्तमानकाळात. मठाला गावांचे धान्य लावून दिलेले होते, चाळीस-पन्नास माणसांची रोजची पंगत होती. मग एका मठाधिपतींनी फरशीखालच्या गुंफेत जिवंत समाधी घेतली. उतरताना शिष्यांना एकच आज्ञा दिली: माझा श्वास चालू आहे तोवर गादीवर कोणी बसायचे नाही. शिष्यांनी वरून दगड बसवला, श्वासासाठी छिद्र ठेवले, छिद्रावर कापूस बांधला आणि वाट पाहू लागले.

कापूस हलत राहिला.

“म्हैना झाला, हलतोय. वरीस झालं, हलतोय,” आप्पा सांगत. “गादीवर बसायचं ज्यांचं ठरलं हुतं, त्ये म्हातारे झाले, गेले. कापूस हलतोयच. मग बसणार कोन?”

गादीवर कोणी नाही म्हणून दीक्षा नाही. दीक्षा नाही म्हणून नवे शिष्य नाहीत. धान्य स्वीकारायला अधिकारी नाही म्हणून धान्य थांबले. विद्यार्थी दुसऱ्या मठांत गेले, पावसाने छप्पर गेले, लोकांनी दगड विहिरींना नेले. मठ कोणी लुटला नाही, जाळला नाही. तो वाट पाहता पाहता ओस पडला. राहिले फक्त एक जंगम घराणे, ज्याच्याकडे कापूस बघण्याची पाळी होती.

हा इतिहास ऐकत असतानाच मला त्याचे उत्तर मिळाले होते, आणि ते मिळाल्याचा आनंद लपवणे मला जमले नाही. कारण आप्पांनी सहज म्हटले होते, “दिवसातनं दोनदा आत, दोनदा भायेर. सकाळी धाला फिरतोय, सांजच्या चाराला फिरतोय.”

आपल्याकडे हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत जास्त आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी असतो. रात्री तेच पुन्हा घडते. जमिनीखाली मोठी पोकळी असेल आणि तिला एकच लहान तोंड असेल, तर दाब वाढताना ती हवा आत घेते, कमी होताना बाहेर सोडते. मी पंधरा दिवस यंत्रे लावली. दाब आणि प्रवाह यांचे आलेख एकमेकांवर तंतोतंत बसले. एका उच्छ्वासात किती हवा बाहेर पडते, यावरून पोकळीचे आकारमान निघाले: सुमारे अठराशे घनमीटर. मठाच्या सबंध चौथऱ्याखाली मावेल त्याहून अधिक. बेसॉल्टच्या थरांतली नैसर्गिक पोकळी. कोणीतरी तिच्या तोंडाशी गुंफा कोरली असणार.

शिष्यांचे निरीक्षण अचूक होते. फक्त श्वास कोणाचा, हे त्यांनी चुकीचे ठरवले होते, आणि त्या एका चुकीने एक सबंध मठ संपला.

आप्पांना मी हे समजावले तेव्हा ते गादी झाडत होते. रोज सकाळी ते ती झाडत, पालींना हाकलत, आणि मग स्वतः तिच्यापासून चार हात लांब जमिनीवर बसत. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. दाबाविषयी दोन नेमके प्रश्न विचारले. त्यांना ते कळत होते. केजच्या तहसील कचेरीत पर्जन्यमापक वाचण्यात त्यांची नोकरी गेली होती. सकाळी आठला काचेच्या नळीत पाणी ओतायचे आणि आकडा लिहायचा. आपल्या जिल्ह्यात वर्षाचे बहुतेक दिवस तो आकडा शून्य. निवृत्तीनंतर त्यांच्या जागी आलेला माणूस घरूनच शून्य लिहीत असे, हे सांगताना सोळा वर्षांनंतरही त्यांचा आवाज चढायचा. “बगून लिवल्यालं शून्य येगळं अन् न बगता लिवल्यालं येगळं बे! म्या पावण्याच्या लग्नाला जेवून तसाच सायकलीवर माघारी आलतो. शून्यच हुतं. पर बगितलं.”

तर ते सगळे ऐकून म्हणाले, “म्हंजी, हा वाऱ्याचा श्वास हाय. सोमींचा न्हाई.” समाधीतल्या स्वामींना ते सोमी म्हणत.

“हो.”

“मग सोमी गेले कधी?”

“सातशे वर्षांपूर्वी, आप्पा. आत गेल्यावर काही दिवसांतच.”

“काई दिवसांत म्हंजी? तिसऱ्या का पाचव्या?”

“ते कसं सांगता येईल?”

“मोघम लिवता येत न्हाई, माय.” ते पहिल्यांदा मला माय म्हणाले. “नोंद हाय माझ्याकडं. बापाची हाय, आज्याची हाय. सगळ्याइथं ‘चालू’ लिवलंय. तुमी म्हन्ता बंद. तर कुठल्या तारखेपास्नं खोडू?”

मी यंत्राची बॅटरी तपासली.

त्यांच्याबरोबर काम करणे सोपे नव्हते. छिद्राच्या पाच पावलांत चहा फुंकून प्यायचा नाही, शिंकायचे नाही. कापूस त्यांच्याच परड्यातल्या देवकापशीचा. बाजारचा चालत नसे, तो “आळशी” असतो. घरात घड्याळ होते, पण दहा आणि चार ते कापसावरून धरत. केजची एसटी आली की ड्रायव्हरला ओरडून सांगत, “सात मिन्टं लेट हायस!” आणि ड्रायव्हर ओरडे, “आप्पा, सोमींना म्हनाव डिझेल टाकून द्या!” यावर ते मनापासून हसत, आणि मग मठात जाऊन छिद्राला सांगत की पोरगं चेष्टेखोर हाय, मनावर घेऊ नका.

एकदा मी त्यांना पकडले. म्हटले, “आप्पा, तुम्हाला खरंच वाटतं का, खाली माणूस जिवंत आहे?”

“मला काय वाटतंय ह्याला रकाना न्हाई,” ते म्हणाले. “कापूस हलतोय का, त्याला हाय.” थोडे थांबून पुढे म्हणाले, “एक करा. तुमच्याकडं मशीन हाय. वाऱ्याचा श्वास किती, त्ये तुमाला कळालं. सगळ्यातनं तेवढा वजा करा. काय उरतंय त्ये बगा. काईच न्हाई उरलं तर मी खोडतो.”

पद्धत निर्दोष होती. माझ्या मार्गदर्शकांनीही हेच सुचवले असते. मी दाबाचा परिणाम वजा केला. उरायला हवा होता अर्थहीन गोंगाट. उरले ते नियमित होते: अतिशय मंद, अतिशय सूक्ष्म, आत-बाहेर, मिनिटाला सहा वेळा.

तो आलेख पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी बीडला घरी होते, भर दुपारी, शेजारी आई शेंगा निवडत होती, आणि मी पडदा तिच्यापासून दुसरीकडे वळवला. मग मी गणित केले. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की बाटली घुमते. अठराशे घनमीटरची बाटली इतकी सावकाश घुमेल की ऐकू येणार नाही, पण मोजता येईल. छिद्राचा व्यास, दगडाची जाडी आणि पोकळीचे आकारमान घालून सूत्राने दिलेला आकडा होता मिनिटाला सहा पूर्णांक तीन. स्पष्टीकरण पूर्ण झाले. माझा निबंध एका दर्जाने वर गेला.

आप्पांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “सहा? लई सावकाश. वयबी झालंय म्हना.”

“आप्पा, तो अनुनाद आहे. पोकळीचा.”

“हाव,” ते म्हणाले.

अहवाल जानेवारीअखेर दिला: छिद्रातील हवेची हालचाल पूर्णतः नैसर्गिक, वरचा खडक भक्कम, फरशीवर काँक्रीट करण्यास हरकत नाही. अध्यक्षांनी दुसऱ्याच दिवशी पेढे पाठवले. पण गावातल्या शैव घराण्यांची एक अट होती. पाळीदाराने कापूस बघून तीन वेळा ‘थांबला’ म्हटल्याशिवाय गादी मोकळी होत नाही, आणि गादी मोकळी झाल्याशिवाय नवे महाराज यायचे नाहीत. सातशे वर्षांत तो शब्द कोणी उच्चारलेला नव्हता.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी, सकाळी अकराला, गाव जमले. काँक्रीटचे मिक्सर बाजूला थांबवून ठेवले होते. अकराला दाब उतरत असतो. कापूस छिद्रातून बाहेर, वर, स्पष्टपणे झुकला होता. आप्पा गुडघे टेकून पालथे झाले, गाल त्या झिजेत ठेवला. बराच वेळ गेला.

“आप्पा, उरका की,” अध्यक्ष म्हणाले. “सिमेंट आळतंय.”

आप्पांनी मान वळवली आणि त्या गर्दीत मला शोधून काढले. “म्याडम, तुमी सांगा. थांबला का?”

काय खरे आहे ते मला ठाऊक होते. कापूस हलत होता, आणि श्वास कोणाचाच नव्हता. दोन्ही सांगायला वेळ लागला असता. पुढच्या आठवड्यात माझी मुलाखत होती.

“थांबला, आप्पा,” मी म्हणाले.

ते उठून बसले आणि तीन वेळा तो शब्द उच्चारला. हलगी वाजली. लोक पांगले तेव्हा त्यांनी वही काढून नोंद केली. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी काय लिहिले ते मी वरून वाचले: ‘कापूस हलतो. म्याडमच्या सांगण्यावरून थांबला.’

छिद्रात गुडदी, म्हणजे दगडी बूच, ठोकून वर चार इंच काँक्रीट घातले गेले. गुडदीच्या बाजूने मी एक बारीक नळी आत सोडली होती, तिच्या वरच्या टोकाला दाब मोजणारा संवेदक. तोंड हवाबंद झाले की आतला दाब स्थिर होतो आणि घुमणेही थांबते. निबंधाला ही अखेरची पुष्टी हवी होती. पहिल्या दिवशीचा आलेख सरळ रेषा होती. दुसऱ्या दिवशीचाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी लॅपटॉप जोडला. पहाटेपर्यंत सरळ रेषा, आणि मग लाट. मिनिटाला चौदा, स्वस्थ माणसाच्या श्वासाइतकी.

तोंड नसलेली बाटली घुमत नाही. मी नळी तपासली, संवेदक बदलला. मिक्सर बंद होते, रस्ता रिकामा होता, जवळपास पंप चालू नव्हता. नव्या संवेदकाने बारा दाखवले. अर्ध्या तासाने दहा. लाटेची उंचीही कमी होत होती.

मी अध्यक्षांना फोन केला. ते हसले. “ताई, तुमीच लिवून दिलं काई न्हाई म्हनून. आता तुमीच भूत काढता व्हय? उंद्या टाइल्स यायल्यात.”

आप्पांच्या घरी गेले. सोमवारपासून ते मठाकडे फिरकले नव्हते. सुनेने दारातच सांगितले की मामंजींना दिवस कळेनासा झालाय. सकाळी जेवण मागतात, दुपारी दात घासतात. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. वही गुंडाळून फळीवर ठेवलेली. मी कसे सांगावे ते ठरवून गेले होते, स्पष्टीकरणाच्या शक्यतांसह. त्यांतले काहीच बोलले नाही.

“आप्पा, मी चुकीचं सांगितलं. बंद केल्यावरही हलतंय. आणि कमी होत चाललंय.”

त्यांनी मान वळवली. “आकडा?”

“निघाले तेव्हा नऊ.”

ते उठले. कोपऱ्यातली पहार उचलली आणि अनवाणीच चालू लागले. मी मागून धावत होते. रस्त्यातच मी अध्यक्षांना आणि पुण्यातल्या मार्गदर्शकांना एकच संदेश पाठवला: अहवाल मागे घेत आहे, निष्कर्ष अपुरे आहेत. मुलाखतीत याबद्दल विचारतील हे मला ठाऊक होते, आणि उत्तर काय देणार हे ठाऊक नव्हते.

तीन दिवसांचे काँक्रीट अजून कच्चे होते. आप्पा चौऱ्याहत्तर वर्षांचे. पाच घाव त्यांचे, पाच माझे. प्रत्येक वेळी पहार माझ्या हातात देताना ते विचारत, “आकडा?” मी पडद्याकडे बघून सांगे.

“सात.”

“हाणा.”

“पाच.”

“हाणा, माय. थांबू नका.”

माझे तळहात सोलले होते. अध्यक्षांची गाडी रस्त्याला लागलेली दिसली. ते उतरून ओरडत येत होते. “आप्पा! ए बे आप्पा! येडा झालास का?” आप्पांनी तिकडे पाहिलेच नाही.

“आकडा?”

“तीन.”

“लौकर.”

“दोन. आप्पा, लाट दिसेनाशी झाली आहे. दोन.”

त्यांनी पहार दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि गुडदीवर घातली. दगड फुटला, पहार हातभर आत गेली, आणि त्या फटीतून हवा वर आली. ती गार होती, ओल्या मातीचा वास होता तिला, आणि ती थांबत नव्हती. दाब साचलेला होता, ती बाहेर येणारच होती. अध्यक्ष पाच पावलांवर उभे राहिले, तोंड उघडे, ओरडणे अर्धवट. आप्पा फुटलेल्या काँक्रीटच्या खड्यांवरच पालथे झाले, गाल फटीजवळ ठेवला आणि हळू आवाजात आत म्हणाले, “सावकाश. सावकाश घ्या.”

मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला. “वही न्हाई आणली. तुमच्यात लिवा.”

फट छिद्रापेक्षा मोठी होती. मोठ्या तोंडाची बाटली अधिक वेगाने घुमते. सूत्राने मी मनातच हिशेब केला, जास्तीत जास्त नऊ यायला हवे होते. मी संवेदक फटीशी धरला, घड्याळ लावले, पूर्ण साठ सेकंद मोजले, चूक नको म्हणून पुन्हा साठ सेकंद मोजले, आणि जे पाहिले ते लिहिले. अकरा वाजून बेचाळीस मिनिटे. मिनिटाला एकतीस.